जड धातू आणि यीस्टचे पोषण : ग्लुकोज उरले म्हणजे शोषण थांबले का?

प्रश्न असा आहे : यीस्टच्या कल्चरमध्ये कॅडमियम किंवा तांबे घातले की वाढ मंदावते, आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तर माध्यमातले बरेचसे ग्लुकोज तसेच उरलेले असते. यावरून जड धातूंमुळे पोषकद्रव्यांचे शोषण थांबते असे म्हणता येईल का? आणि हे सिद्ध करायचे तर नेमके काय मोजायचे?

एवढ्या निरीक्षणावरून तसे म्हणू नका. पेशी वाढली नाही तर तिने साखर खाल्ली नाही, यात नवल काही नाही. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे दुसऱ्या दिवशीच्या आकड्यातून कळत नाही. यीस्टमध्ये प्रत्येक पोषकद्रव्याची आत यायची वाट वेगळी, त्या वाटेला लागणारी ऊर्जा वेगळी, आणि धातूचा तिच्यावरचा परिणामही वेगळा. काही द्रव्यांचे शोषण काही मिनिटांत कोसळते, काहींचे बराच वेळ जसेच्या तसे राहते, आणि एका द्रव्याचे शोषण तर कॅडमियम असताना वाढते. त्यामुळे ‘कोणते द्रव्य, कोणता धातू, कितव्या मिनिटाला, कोणत्या माध्यमात’ या चार गोष्टी सांगितल्याशिवाय ‘शोषण कमी झाले’ या वाक्याला अर्थ येत नाही. पुढचे सगळे उत्तर याच चार गोष्टींचे आहे, आणि ते सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे ब्रेड आणि बिअरच्या यीस्टला धरून आहे.

सुरुवात पेशीच्या बाहेरून करू. यीस्टची पेशीभित्तिका सुमारे १०० ते २०० नॅनोमीटर जाड असते. तिच्यात ग्लुकान, थोडे कायटिन आणि बाहेरच्या अंगाला मॅनोप्रोटीन असतात. या मॅनोप्रोटीनांवर फॉस्फेट आणि कार्बोक्सिल गट असतात. माध्यम फार आम्लधर्मी नसेल तर हे गट ऋणभारित राहतात आणि धातूचे धनभारित आयन त्यांना येऊन चिकटतात. याला पेशी जिवंत असण्याची गरज नाही. उकळून मारलेले यीस्टही शिसे आणि तांबे भरपूर ओढून घेते, म्हणून तर सांडपाण्यातून धातू काढण्यासाठी मृत यीस्ट वापरण्याचा एवढा अभ्यास झाला आहे. हे चिकटणे काही मिनिटांत पुरे होते, बर्फावर ठेवलेल्या पेशींतही होते आणि पीएच ३च्या आसपास खूप कमी होते, कारण तिथे प्रोटॉनच त्या जागा बळकावतात. यानंतरचा टप्पा पटल, म्हणजे भित्तिकेच्या आतले पातळ आवरण, ओलांडून आत जाण्याचा. तो सावकाश चालतो आणि त्याला ग्लुकोज, म्हणजेच ऊर्जा लागते.

पृष्ठभागावर चिकटलेला धातू निरुपद्रवीच असतो असे मात्र समजू नका. या विषयातला सर्वांत जुना आणि अजूनही वाचण्यासारखा दाखला युरेनियमचा आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात एझर रॉथस्टाइन आणि त्यांचे सहकारी युरेनियमच्या विषबाधेवर काम करत होते. युरेनिल आयन यीस्टच्या आत न शिरता पृष्ठभागावरच बसतो आणि तेवढ्यानेच ग्लुकोजचा वापर रोखतो, हे त्यांनी १९४८मध्ये दाखवले. युरेनियमला बांधून घेणारे द्रव्य बाहेर घातले की तो आयन सुटतो आणि साखरेचा वापर पुन्हा सुरू होतो. म्हणजे पेशीच्या आतली यंत्रणा शाबूत होती, अडथळा फक्त सीमेवर होता. ‘धातूने शोषण थांबवले’ असे निःशंकपणे म्हणता येईल अशी ही स्थिती. पण बहुतेक धातूंच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नसते.

आता पटलाकडे येऊ. इथे थोडे थांबायला हवे, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. यीस्टच्या पेशीपटलावर पीएमए१ नावाचा प्रोटॉन-पंप असतो. तो एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्च करून प्रोटॉन सतत बाहेर फेकतो. पेशी जेवढे एटीपी बनवते त्याचा पाचवा हिस्सा तरी या एका प्रथिनावर खर्च होतो असे धरले जाते. एवढा खर्च कशासाठी? बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी, आणि आतली बाजू विद्युतदृष्ट्या ऋण, असा जो फरक तयार होतो त्याच्याच जोरावर पेशी बहुतेक पोषकद्रव्ये आत ओढते. अमिनो आम्ले, फॉस्फेट, सल्फेट, माल्टोज ही सगळी प्रोटॉनच्या सोबतीने आत येतात. पोटॅशियम आतल्या ऋणभाराकडे खेचले जाते. ग्लुकोज या यादीत नाही. ते एचएक्सटी कुळातल्या वाहकांमधून, म्हणजे पटलातल्या ने-आण करणाऱ्या प्रथिनांमधून, जास्त सांद्रतेकडून कमी सांद्रतेकडे, आपल्याआपण येते. त्याला प्रोटॉनचा फरकही लागत नाही आणि थेट एटीपीही लागत नाही.

यातून एक अंदाज निघतो आणि तो तपासताही येतो. धातूने पटलाला छिद्रे पाडली किंवा पीएमए१ बंद पाडला, तर अमिनो आम्ले आणि फॉस्फेट यांचे शोषण आधी आणि जोरात पडायला हवे. ग्लुकोजचे शोषण मागे रेंगाळायला हवे. उलट धातूने फक्त एखाद्या वाहकाला धरले असेल तर एकच द्रव्य अडेल आणि बाकीची चालू राहतील. म्हणून ज्याला फक्त ग्लुकोज मोजायचे आहे त्याला मी नेहमी सांगतो की सोबत ल्युसिन किंवा दुसरे एखादे अमिनो आम्लही मोजा. या दोन आकड्यांची तुलना जे सांगते ते एकट्या ग्लुकोजचे कितीही बिंदू घेतले तरी कळत नाही.

तांबे पटलाला दोन प्रकारे दुखावते. ते स्वतः एका अवस्थेतून दुसरीत जात-येत राहते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलके तयार करते. ही मूलके पटलातल्या असंतृप्त मेदाम्लांवर तुटून पडतात आणि एका रेणूपासून दुसऱ्याकडे जाणारी ऑक्सिडीकरणाची साखळी सुरू होते. यीस्ट स्वतः फक्त एकच दुहेरी बंध असलेली मेदाम्ले बनवते, पण माध्यमात लिनोलेइक आम्ल दिले तर तेही पटलात बसवून घेते. अशा पेशी तांब्यापुढे लवकर नांगी टाकतात, त्यांच्यातून पोटॅशियम अधिक वेगाने गळते. याचा अर्थ असा की एकच स्ट्रेन (यीस्टचा वाण), एकच तांब्याची मात्रा, आणि फक्त माध्यमातले तेल वेगळे, एवढ्यावरही निकाल बदलतो. दुसरीकडे, तांब्याच्या मध्यम मात्रेला, जिथे वाढ मंदावते पण थांबत नाही, पीएमए१ची क्रिया कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. गळती भरून काढण्यासाठी पेशी पंप जोरात चालवते. मात्रा आणखी वाढली की पंपही कोसळतो. नुसती ‘तांब्याने एटीपेज (म्हणजे एटीपी जाळणारा हाच पंप) वाढते’ किंवा ‘तांब्याने एटीपेज घटते’ अशी दोन परस्परविरोधी वाक्ये वाचायला मिळाली तर गोंधळू नका. बहुतेक वेळा दोघांनी वक्राच्या दोन वेगळ्या भागांवर बोट ठेवलेले असते. आणि पंप वाढला म्हणजे पेशी सुस्थितीत आहे असेही नाही, कारण वाढीला लागणारे एटीपी तिथे जळत असते.

पोटॅशियमची गळती हा माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रारंभिक संकेत आहे. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण २०० मिलीमोलरच्या आसपास असते, बाहेर काही मिलीमोलर. पटल ढिले पडले की ते लगेच बाहेर दिसते. पेशी पोटॅशियम नसलेल्या बफरमध्ये ठेवल्या तर साध्या फ्लेम फोटोमीटरवरही मोजता येते. पाऱ्याच्या बाबतीत रॉथस्टाइन आणि पासो यांनी १९६०मध्ये एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली : पेशी पोटॅशियम थोडे-थोडे सोडत नाही. एखादी पेशी एकतर सगळे गमावते किंवा काहीच गमावत नाही. म्हणजे कल्चरमध्ये ५० टक्के गळती दिसली तर प्रत्येक पेशी अर्धी रिकामी झाली असे नसून अर्ध्या पेशी पूर्ण रिकाम्या झाल्या असण्याची शक्यता असते. शोषणाचा दर मोजताना हे ध्यानात ठेवा. दर निम्मा झाला, तर तो सर्व पेशींमध्ये निम्मा झाला की निम्म्या पेशी मेल्या? प्रोपिडियम आयोडाइडने, म्हणजे पटल फाटलेल्या पेशींतच शिरणाऱ्या रंगाने, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली किंवा फ्लो सायटोमीटरवर पाहिले की याचे उत्तर अर्ध्या तासात मिळते. ते न करता काढलेला व्ही-मॅक्स (शोषणाचा कमाल वेग) मी तरी गंभीरपणे घेत नाही.

इथे एक बारकावा आहे. थोडे पोटॅशियम बाहेर येणे म्हणजे नेहमीच इजा नसते. द्विसंयुजी धातूचा एक आयन आत आला की विद्युतभाराचा हिशोब जुळवायला पोटॅशियमचे दोन आयन बाहेर जाऊ शकतात. आत गेलेला धातू आणि बाहेर आलेले पोटॅशियम यांचे गुणोत्तर दोनच्या जवळपास असेल तर तो विनिमय समजावा. त्यापेक्षा पुष्कळ जास्त पोटॅशियम बाहेर आले तर पटल फाटत आहे.

आता ज्यामुळे हा विषय मला इतकी वर्षे धरून ठेवतो तो भाग. कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम यांच्यासाठी यीस्टने स्वतंत्र वाट काढलेली नाही. ते पोषकद्रव्यांच्याच दारांतून आत येतात. कॅडमियमचा आयन जस्त, मँगनीज, लोह आणि कॅल्शियम यांच्या वाटा वापरतो : जस्ताचा वाहक झेडआरटी१, मँगनीजचा एसएमएफ१, लोहाचा कमी आकर्षणाचा वाहक एफईटी४, आणि कॅल्शियमची एमआयडी१ वाहिनी. आर्सेनेट फॉस्फेटसारखे दिसते, म्हणून पीएचओ८४ या फॉस्फेटवाहकातून येते. आर्सेनाइट ग्लिसरॉलच्या एफपीएस१ वाहिनीतून, आणि ग्लुकोज नसेल तेव्हा चक्क ग्लुकोजच्या वाहकांमधूनही येते. क्रोमेट आणि सेलेनेट सल्फेटच्या एसयूएल१ व एसयूएल२ वाहकांमधून आत शिरतात. म्हणूनच क्रोमेट किंवा सेलेनेट असलेल्या थाळीवर जगलेल्या म्युटंट पेशी तपासल्या की त्यांत सल्फेटवाहक बिघडलेल्या पेशी हमखास सापडतात.

याचे दोन परिणाम होतात. पहिला सरळ स्पर्धेचा. कॅडमियमने वाहकाची जागा अडवली की जस्ताला रांगेत थांबावे लागते. इथे जस्त वाढवले तर अडथळा सुटतो, म्हणजे व्ही-मॅक्स तेवढाच राहतो आणि केएम (निम्मा वेग गाठायला लागणारी सांद्रता) वाढलेला दिसतो. दुसरा परिणाम उशिरा येतो आणि अनेकांच्या नजरेतून सुटतो. आत जस्त जास्त झाले की पेशी झेडआरटी१ला युबिक्विटिन (काढून टाकायच्या प्रथिनाला लावायची खूण) लावून पटलावरून आत ओढते आणि रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवण-विघटनाच्या पिशवीत, नेऊन नष्ट करते. कॅडमियम आले तरी ती हेच करते. पेशीच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे, कारण विष ज्या वाटेने येते ती वाट बंद करायलाच हवी. पण त्याच वाटेने जस्तही येत होते. अल्कोहोल डिहायड्रोजनेजसारख्या एन्झाइमना जस्त लागते, म्हणून जस्ताची ओढाताण झाली की किण्वनही मंदावते. या टप्प्यावर मोजले तर व्ही-मॅक्स घटलेला दिसेल, कारण वाहकच कमी झाले आहेत. म्हणजे एकाच धातूने, एकाच वाहकावर, पाचव्या मिनिटाला स्पर्धात्मक आणि काही काळानंतर अस्पर्धात्मक वाटणारा अवरोध दाखवला. दोन्ही मोजमापे बरोबर आहेत. वेळ न लिहिता दिलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा.

पेशीची पूर्वपरिस्थिती इथे फार महत्त्वाची ठरते. जस्ताची उपासमार झालेल्या पेशी झेडआरटी१ भरपूर बनवतात. अशा पेशींना कॅडमियम दिले की ते अधिक वेगाने आत जाते. तेच फॉस्फेटचे : फॉस्फेट तुटपुंजे असताना पीएचओ८४ वाढतो आणि आर्सेनेट अधिक शिरते. शिवाय पीएचओ८४ काही धातूंना फॉस्फेटसोबत आतही आणतो. तो नसलेले म्युटंट मँगनीज, कोबाल्ट, जस्त आणि तांबे यांची जादा मात्रा मूळ स्ट्रेनपेक्षा चांगली सोसतात. त्यामुळे ‘पोषण कमी असलेली पेशी धातूला अधिक बळी पडते’ हे वाक्य अनेकदा खरे ठरते, पण त्याचे कारण पेशी अशक्त झाली हे नसून तिने भुकेपोटी वाहक वाढवले हे असते.

आता ज्याचे शोषण वाढते त्या द्रव्याकडे. ते आहे गंधक, म्हणजे सल्फेटच्या रूपातले. कॅडमियम आत आले की ते ग्लुटाथायोन या गंधक असलेल्या छोट्या पेप्टाइडच्या दोन रेणूंशी बांधले जाते आणि वायसीएफ१ हा पंप एटीपी खर्च करून ती जोडी रिक्तिकेत ढकलतो. कॅडमियमच्या एका आयनामागे ग्लुटाथायोनचे दोन रेणू, आणि प्रत्येक रेणूत सिस्टीन या अमिनो आम्लाचा एक गंधक. पेशीला गंधकाचा तुटवडा भासू लागतो. एरवी मेट३० हे प्रथिन मेट४ या नियंत्रकाला दाबून ठेवते. कॅडमियम आले की मेट३० ज्या प्रथिनगटात काम करते त्यापासून सुटते, मेट४ मोकळा होतो आणि सल्फेट आत आणण्यापासून सिस्टीन बनवण्यापर्यंतची जनुके एकदम चालू होतात. सल्फेटचा एक रेणू सल्फाइडपर्यंत आणायला २ एटीपी आणि ४ एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारे रेणू) लागतात, त्यामुळे हा खर्चही लहान नाही.

याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे पेशी गंधकाची काटकसर सुरू करते. ग्लायकोलिसिस (साखर फोडण्याची साखळी) आणि किण्वनातली काही एन्झाइम यीस्टमध्ये दोन-तीन रूपांत असतात. पायरुव्हेट डीकार्बोक्सिलेजचे पीडीसी१ हे नेहमीचे रूप कमी करून पेशी पीडीसी६ बनवू लागते, कारण त्यात सिस्टीन आणि मेथिओनिन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. काम तेच, गंधक कमी. ही प्रथिने पेशीत मुबलक असल्यामुळे वाचलेला गंधक ग्लुटाथायोनकडे वळवण्याइतका मोठा भरतो. ज्या कल्चरकडे बघून आपण ‘पोषण थांबले’ म्हणतो, तिथे पेशी एका द्रव्यासाठी आपले सगळे अंदाजपत्रक नव्याने मांडत असते. सल्फेट न मोजता हे दिसत नाही. प्रयोगाच्या अंगाने याचा उपयोगही आहे : माध्यमात मेथिओनिन किंवा ग्लुटाथायोन दिले आणि कॅडमियमचा वाढीवरचा परिणाम सौम्य झाला, तर गंधकाची चणचण हा मोठा घटक असू शकतो. फक्त ग्लुटाथायोन बाहेरच कॅडमियमला बांधत नाही ना, हे आधी तपासा. नाहीतर जे संरक्षण दिसते ते पेशीने केलेले नसून बाटलीतल्या रसायनाने केलेले असते.

लोहाच्या बाबतीत गुंतागुंत वेगळी आहे. लोह जोमाने आत घेणारी यंत्रणा एफईटी३ आणि एफटीआर१ या जोडीची आहे, आणि एफईटी३ला काम करायला तांबे लागते. त्यामुळे तांब्याची वाट अडली की लोहाची उपासमार होते. कोबाल्ट आणि जादा जस्त यांच्या ताणाखाली पेशी लोह कमी असल्यासारखी वागते आणि लोह ओढणारी जनुके चालू करते. इथे हेही लक्षात घ्या की ‘धातूचा परिणाम’ म्हणून जे दिसते ते दुसऱ्याच धातूच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. मॅग्नेशियमची भूमिका या सगळ्यात संरक्षणाची आहे. माध्यमात मॅग्नेशियम जास्त असेल तर तांबे आणि कॅडमियम दोन्हींचा त्रास कमी होतो.

मग ग्लुकोज का उरले? शक्यता तीन आहेत. वाहकच अडला, ही पहिली. पारा आणि चांदी यांच्या बाबतीत ती गंभीरपणे घ्यावी, कारण हे आयन प्रथिनांच्या गंधकगटांना घट्ट धरतात. दुसरी शक्यता अशी की वाहक ठीक आहे, पण आत साखर पुढे सरकत नाही. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमच्या क्रियास्थानी सिस्टीन असते आणि धातूंचे ते आवडते लक्ष्य आहे. तिथे कोंडी झाली की वरची फॉस्फेटयुक्त साखर साचते, आत आणि बाहेर यांतला सांद्रतेचा फरक कमी होतो आणि शोषण आपोआप थंडावते. तिसरी शक्यता सर्वांत साधी : पेशी विभागल्या नाहीत, संख्या कमी राहिली, म्हणून एकूण साखर कमी खर्च झाली. प्रत्येक पेशीचा दर कदाचित तेवढाच असेल, कदाचित जास्तही. म्हणून उरलेल्या ग्लुकोजला आधी पेशींच्या कोरड्या वजनाने आणि वेळेने भागा. चोवीस तासांचा एकच बिंदू असेल तर हे करता येत नाही. पहिल्या चार-सहा तासांत दर अर्ध्या तासाने नमुने घ्या.

वाहक की चयापचय, हे वेगळे करायचे तर काही सेकंदांत मोजावे लागते. किरणोत्सारी कार्बन लावलेले ग्लुकोज पेशींना सुमारे ५ सेकंद द्यायचे, लगेच बर्फासारख्या थंड आणि जास्त ग्लुकोज असलेल्या द्रावणात ओतून गाळायचे. एवढ्या वेळात मोजले जाते ते मुख्यतः वाहकाचे काम. मिनिटभर थांबलात तर त्यात हेक्सोकायनेज (साखरेला फॉस्फेट लावणारे एन्झाइम) आणि पुढची सगळी साखळी मिसळते. २-डीऑक्सिग्लुकोज वापरणार असाल तर ते पुढे पचत नसले तरी आत गेल्यावर त्याला फॉस्फेट लागतो, हे विसरू नका. एटीपी संपलेल्या पेशीत तेही कमी साचेल आणि तुम्हाला वाटेल की वाहक बिघडला. अमिनो आम्लांसाठी अल्फा-अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल बरे, कारण पेशी त्याचे प्रथिन बनवत नाही. पीएमए१साठी सोपी चाचणी आहे : उपाशी पेशी हलक्या बफरमध्ये ठेवा, ग्लुकोज घाला आणि पीएच उतरण्याचा वेग बघा. ही चाचणी पीएच मीटर असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेत होते आणि धातूच्या मात्रेचा योग्य पल्ला ठरवायला हिच्यासारखे दुसरे काही नाही. सोबत एक नळी डायनायट्रोफेनॉलची ठेवा. ते प्रोटॉनचा फरक मोडते, त्यामुळे पटल निकामी झाल्यावर प्रत्येक द्रव्याचे शोषण कसे दिसते याचा नमुना हातात राहतो.

धातूचे मोजमाप करताना पेशी आधी १० मिलीमोलर ईडीटीएने, म्हणजे धातूंना बांधून घेणाऱ्या द्रव्याने, थंड अवस्थेत धुवा. जे निघाले ते पृष्ठभागावरचे, जे राहिले ते आतले. हे न करता संपूर्ण गाळाचा आकडा दिला तर भित्तिकेला चिकटलेला धातू आत गेल्यासारखा मोजला जातो. तुलनेसाठी बर्फावर ठेवलेल्या पेशींची एक नळी असली की हा फरक आणखी स्पष्ट होतो.

माध्यमाबद्दल सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते, कारण बहुतेक परस्परविरोधी निष्कर्ष इथेच जन्माला येतात. वायपीडी या यीस्टच्या नेहमीच्या माध्यमात १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि २ टक्के पेप्टोन असते. त्यांतली अमिनो आम्ले आणि पेप्टाइड तांब्याला आणि पाऱ्याला मजबूत धरून ठेवतात. बाटलीवर लिहिलेली मात्रा आणि पेशीला भेटणारा मोकळा आयन यांत प्रचंड तफावत पडते. म्हणून वायपीडीत मिलीमोलरमध्ये लागणारा परिणाम साध्या माध्यमात मायक्रोमोलरमध्ये मिळतो. वायएनबी, म्हणजे ठरावीक घटकांचे साधे माध्यम, घेतले तर त्यात लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट असते, म्हणजे सात मिलीमोलरहून थोडे अधिक. यात शिशाचे क्षार घातले की लेड फॉस्फेटचा साका बसतो आणि पेशीपर्यंत फारसे शिसे पोचतच नाही. शिसे यीस्टला मवाळ आहे असे सांगणारे निकाल मी याच कारणाने जपून वाचतो. वायएनबीमध्ये झिंक सल्फेट लिटरला ४०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे साधारण दीड मायक्रोमोलर. तुम्ही ५० मायक्रोमोलर कॅडमियम घातले की जस्ताच्या वाहकासमोर कॅडमियमची गर्दी तीसपटींहून जास्त झाली. स्पर्धेचा विचार या गुणोत्तरातून करा, एकट्या कॅडमियमच्या आकड्यातून नाही. बफर निवडताना सायट्रेट आणि ट्रिस टाळा, दोन्ही धातूंना बांधतात. शोषणाच्या लहान प्रयोगांसाठी मेस बफर बरा.

स्ट्रेनचेही तसेच. तांबे सोसण्याची ताकद सीयूपी१ या जनुकाच्या प्रतींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्यापासून बनणाऱ्या छोट्या प्रथिनात बारा सिस्टीन असतात आणि ती तांब्याला अडकवून ठेवतात. काही स्ट्रेनमध्ये या जनुकाची एकच प्रत असते, काहींमध्ये एकामागे एक दहाहून अधिक. द्राक्षबागांत तांब्याची फवारणी दीर्घकाळ होत आल्यामुळे वाइनच्या यीस्टमध्ये तांबे सोसणारे स्ट्रेन बरेच सापडतात. कॅडमियमबाबत तर प्रयोगशाळेतले नेहमीचे स्ट्रेन निसर्गातल्या यीस्टचे प्रतिनिधी मानताच येत नाहीत. पीसीए१ हा पंप कॅडमियम पेशीबाहेर फेकतो, पण प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेनमध्ये त्यातले एक अमिनो आम्ल बदलल्यामुळे तो निकामी आहे. त्या स्ट्रेनवर काढलेली मात्रा किण्वन उद्योगातल्या यीस्टला लावू नका.

तुमच्या हातात असलेल्या कल्चरपासून सुरुवात करायची तर मी असे करेन. आधी पीएच उतरण्याच्या चाचणीने धातूच्या पाच-सहा मात्रा तपासून अशी मात्रा निवडेन जिथे तासाभरानंतरही ९० टक्क्यांहून अधिक पेशी प्रोपिडियम आयोडाइड बाहेर ठेवतात. त्या एका मात्रेला ५, ३० आणि १२० मिनिटांनी ग्लुकोज, ल्युसिन, फॉस्फेट आणि सल्फेट या चौघांचा सुरुवातीचा दर मोजेन, शेजारी पोटॅशियम. ल्युसिन आणि फॉस्फेट दोन्ही एकदम पडले आणि पोटॅशियम बाहेर आले, तर शोध पटलाच्या दिशेने. एकटे फॉस्फेट पडले तर वाहकाच्या दिशेने. सल्फेट चढले तर मेथिओनिन घालून पुन्हा. आणि चारही दर जागच्या जागी असून वाढ तेवढी थांबली असेल, तर शोषणाचा मुद्दा सोडून जस्त घालून बघा : १०० मायक्रोमोलर झिंक सल्फेटने कॅडमियम दिलेल्या कल्चरची वाढ किती परत येते. त्याच वेळी ईडीटीएने धुतलेल्या पेशींतले कॅडमियमही मोजा. जस्तामुळे आतले कॅडमियम कमी झाले म्हणून वाढ परतली, की कॅडमियम तेवढेच असूनही परतली, यावर पुढचा सगळा प्रयोग कोणत्या बाजूला न्यायचा ते ठरेल.